उत्तराखालची चौकट

गेल्या वर्षी मे महिन्यात गुहागरहून मावसबहिणीचा फोन आला. ताईचं तिथे जांभ्याचं जुनं घर आहे. मुलं शहरात गेल्यावर तिने माडीवरच्या तीन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. त्या दिवशी पनवेलहून एक कुटुंब आलं होतं, बरोबर पंचाहत्तरीच्या आजी. गाडीतून उतरून अंगणात आल्या, समोर लाकडी जिना पाहिला आणि तिथेच थबकल्या. मुलाने खिशातून फोन काढून ताईपुढे धरला. एका चॅटबॉटला त्याने विचारलं होतं, "आईचे गुडघे दुखतात, चढउतार नको, समुद्राजवळ घरगुती जेवणाचं ठिकाण सांग." उत्तरात ताईच्या घराचं नाव होतं आणि पुढे चक्क लिहिलं होतं की खोल्या तळमजल्यावर आहेत.

खोल्या तळमजल्यावर नाहीत. ताईच्या वेबसाइटवरही तसं कुठे म्हटलेलं नाही. खोल्या कोणत्या मजल्यावर आहेत याचा तिथे उल्लेखच नव्हता.

ताईने पडवीत पलंग टाकला, बाजूला पडदा लावला आणि आजींची सोय झाली. रात्री फोनवर मात्र तिचे दोन प्रश्न होते. पहिला, "हे माझ्याबद्दल त्याला सांगितलं कोणी?" आणि थोडं थांबून दुसरा, "तिथे पैसे भरून जाहिरात देता येते का रे?"

पापड-कुरडया, बंगलो प्लॉट, दहावीचे क्लास, लग्नाचे हॉल, सगळ्यांच्या जाहिरातींचे मजकूर मी वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांसाठी लिहिले आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला यायला हवं होतं. "आपल्याकडे अजून तरी नाही," एवढंच म्हणालो. आता तेवढ्यावर भागणार नाही, म्हणून हा लेख.

चॅटजीपीटी सर्वांसाठी खुला झाला ३० नोव्हेंबर २०२२ रोजी. त्यानंतर चार महिन्यांत जाहिरात या गप्पांमध्ये शिरली होती. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या बिंग शोधयंत्राला चॅटची जोड दिली आणि मार्च संपता संपता उत्तरांमध्ये जाहिरातींचे दुवे दिसू लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मालवेअरबाइट्स या सुरक्षा कंपनीने एक उदाहरण उघडकीला आणलं. नेटवर्क तपासण्याच्या एका सॉफ्टवेअरची चौकशी केली, की उत्तरातल्या दुव्यावर माउस नेताच आधी जाहिरातीचा दुवा दिसे आणि त्याच्या खाली खरा. जाहिरातीवर क्लिक केलं की माणूस बनावट साइटवर पोचे आणि घातक फाइल उतरवून घेई. शोधयंत्रांच्या जाहिरातींत हा भामटेपणा जुनाच आहे. पण इथे वाचणाऱ्याची समजूत अशी की यंत्राने स्वतः वाचून, पारखून हा दुवा आपल्या हातात दिला.

पर्प्लेक्सिटी या एआय शोधयंत्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत वेगळी वाट धरली. उत्तर संपलं की खाली 'पुढे हे विचारा' अशा धर्तीचे प्रश्न येतात. त्यातला एक प्रश्न पैसे घेऊन लावलेला आणि तसं लेबल असलेला. प्रश्न कंपनीचा, उत्तर मात्र यंत्रच देणार. कल्पना चतुर होती. ती फार चालली नाही आणि २०२५ मध्ये त्यांनी नवे जाहिरातदार घेणं थांबवलं. गुगलने २०२४ मध्ये शोधाच्या निकालांवर येणाऱ्या एआय सारांशात जाहिराती बसवायला सुरुवात केली. ती जागा जाहिरातदाराला वेगळी विकत घेता येत नाही; त्याच्या नेहमीच्या शोध-जाहिरातीच तिथे पोचू शकतात.

सगळ्यांची नजर होती चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयवर. तिचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी २०२४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात बोलताना जाहिरात हा आपल्यासाठी अगदी शेवटचा पर्याय असल्याचं सांगितलं होतं; जाहिरात आणि एआय यांची जोडी आपल्याला अस्वस्थ करते, असंही ते म्हणाले होते. १६ जानेवारी २०२६ रोजी त्याच कंपनीने अमेरिकेत जाहिरातींची चाचणी जाहीर केली आणि ९ फेब्रुवारीला ती सुरू झाली. कारण सरळ आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीनेच सांगितलेला आकडा आठवड्याला ८० कोटी वापरकर्त्यांचा होता. त्यांतले बहुतेक एक पैसाही देत नाहीत आणि प्रत्येक उत्तरामागे कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये महागडी यंत्रं वीज खात राबत असतात.

चाचणीची आखणी अशी. उत्तर आधी पूर्ण होईल. त्याखाली, स्पष्ट लेबल लावलेल्या वेगळ्या चौकटीत जाहिरात येईल. उत्तरात काय म्हणायचं यावर जाहिरातदाराचा प्रभाव नसेल आणि कोण काय बोललं हे त्याला विकलं जाणार नाही. किती जणांनी जाहिरात पाहिली, किती जणांनी क्लिक केलं एवढाच हिशोब मिळेल. अठरा वर्षांखालच्यांना जाहिराती नाहीत. आरोग्य, मानसिक आरोग्य, राजकारण अशा नाजूक विषयांच्या आसपासही नाहीत. जाहिराती दिसतील त्या फक्त विनामूल्य आणि 'गो' या दोन वर्गांत.

इथे आपला संबंध येतो. 'गो' हा स्वस्त वर्ग ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वांत आधी भारतातच महिना ३९९ रुपयांना आला आणि ४ नोव्हेंबरपासून भारतातल्या ग्राहकांना वर्षभरासाठी फुकट देण्यात आला. एअरटेलने पर्प्लेक्सिटीचं प्रो सदस्यत्व फुकट दिलं, जिओने गुगलच्या जेमिनीचं. आपल्या घराघरांत आज जे एआय आहे ते बहुतेक फुकटचं किंवा जवळपास फुकटचं आहे. चौकट आधी लागते ती अशाच ठिकाणी.

आता धंद्याच्या नजरेने पाहू. गुगलवर माणूस तीन शब्द टाकतो: 'गुहागर होमस्टे दर'. त्या तीन शब्दांवर गेली पंचवीस वर्षं लिलाव चालतो आहे. लिलावाची कल्पना बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमची, १९९८ सालची: जो जास्त पैसे देईल तो वर, आणि क्लिकमागे तो किती देतो तेही दुव्याशेजारी लिहिलेलं. गुगलने २०००मध्ये ॲडवर्ड्स आणलं आणि २००२पासून दराला दुसऱ्या गोष्टीने गुणायला सुरुवात केली, ती म्हणजे लोक त्या जाहिरातीवर खरोखर क्लिक करतात का. जास्त बोली लावणाऱ्याची निरुपयोगी जाहिरात त्यामुळे मागे पडू लागली. त्या गुणाकारातून जगातली एक प्रचंड श्रीमंत कंपनी उभी राहिली.

चॅटमध्ये तीन शब्द नसतात. पनवेलच्या त्या मुलाने काय काय सांगितलं ते पाहा. आईचं वय, तिचे गुडघे, मुलं लहान आहेत, मासे चालतील पण आजींना नकोत, दोन रात्री, बजेट, आणि हेसुद्धा की बाबा गेल्यानंतरची आईची ही पहिलीच सहल. हे सगळं कुणी प्रश्नावली पुढे करून काढून घेतलं नव्हतं. बोलता बोलता आलं. जाहिरातवाल्याला ग्राहकाची गरज एवढ्या बारकाव्यानिशी आजवर कधीच कळली नव्हती. मी मजकूर लिहायचो तेव्हा 'रविवारी पुरवणी कोण वाचतं' एवढा अंदाज बांधून लिहायचो. इथे यंत्र संभाषणाचा विषय ओळखतं, परवानगी असेल तर आधीच्या गप्पाही लक्षात घेतं आणि आलेल्या जाहिरातींतून त्यातल्या त्यात जुळणारी निवडतं. ताईसारखीला हे वरदान ठरू शकतं. तिचं तीन खोल्यांचं घर कधीच सगळ्यांसाठी नव्हतं. शांतता हवी असलेल्या, केळीच्या पानावरचं जेवण आवडणाऱ्या आणि अर्थातच जिना चढू शकणाऱ्या थोड्या माणसांसाठी ते आहे, आणि नेमक्या त्या माणसांपर्यंत पोचायचा रस्ता वर्तमानपत्राच्या दरपत्रकात नव्हता.

म्हणून मी या जाहिरातींच्या विरोधात नाही. जाहिरात लावायची कुठे, हा माझा खरा प्रश्न आहे.

तीन जागा शक्य आहेत. उत्तर संपल्यावर खाली वेगळी चौकट, ही पहिली. उत्तरातल्या शब्दांवर किंवा ओळींमध्ये लेबल लावलेला दुवा, ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे उत्तराच्या वाक्यातच जाहिरात विरघळवणं. ही तिसरी कशी शक्य होते हे समजायला यंत्र लिहितं कसं ते पाहावं लागेल. भाषेचं मॉडेल वाक्य एकदम रचत नाही. एकेक तुकडा ठेवत जातं. 'समुद्राजवळ राहायचं तर' इथपर्यंत आलं, की पुढच्या तुकड्यासाठी त्याच्याकडे शेकडो पर्याय असतात आणि प्रत्येकाची शक्यता वेगवेगळी असते. गुगलमधल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२३ मध्ये एक निबंध लिहिला. त्यात हे तुकडेच लिलावाला काढण्याचा गणिती विचार आहे. प्रत्येक जाहिरातदाराला पुढचा तुकडा कोणता हवा हे त्याचं स्वतःचं मॉडेल सांगेल, तो बोली लावेल, आणि बोलीच्या वजनानुसार शक्यता सरकत जातील. त्या निबंधाला २०२४ च्या वेब परिषदेत सर्वोत्कृष्ट निबंधाचा मान मिळाला. गणित सुंदर आहे, यात शंका नाही. पण मला ते वाचून थंडी भरली. अशा उत्तरात एकही वाक्य खोटं असायची गरज नाही. 'वेळणेश्वरलाही घरगुती सोय आहे' हे खरं वाक्य येईल की 'अमुक रिसॉर्टला समुद्रदर्शनी खोल्या आहेत' हे दुसरं खरं वाक्य येईल, एवढंच पैशाने ठरेल. वाचणाऱ्याला बोट ठेवायला जागाच राहणार नाही.

आणि वाचणाऱ्याला कळेल तरी का? अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये १७९ जणांवर हे तपासलं. चॅटबॉटच्या उत्तरांत त्यांनी जाहिराती पेरल्या. बहुतेकांना त्या ओळखता आल्या नाहीत. उलट पेरलेली उत्तरं लोकांना जास्त आवडली. नंतर खरं कळल्यावर मात्र आपल्याला फसवलं, वळवलं गेलं, अशी भावना झाली. त्या अभ्यासातली एक बारीक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटली. जाहिरातींविषयी माहिती देणारं बटण समोर होतं. त्यावर क्लिक करण्याऐवजी लोक चॅटबॉटलाच सांगू लागले की मला जाहिराती दाखवू नकोस. दुकानात गल्ल्यावर बसलेल्या माणसाला सांगावं तसं. समोर कुणीतरी ऐकणारं आहे, असं धरूनच ते वागत होते.

ही ओढ आजची नाही. १९६६ मध्ये एमआयटीत जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा साधा संगणक-प्रोग्रॅम तयार केला. तो समोरच्याचं वाक्य उलटवून प्रश्न विचारी, बस. वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीला तो कसा तयार झाला हे माहीत होतं, तरी काही वाक्यं बोलून झाल्यावर तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. तिला त्याच्याशी एकटीने बोलायचं होतं. रस्त्यावरच्या फलकाशी कुणी मन मोकळं करत नाही. इथे माणसं मन मोकळं करतात, आणि त्याच ओळींच्या शेजारी विक्रीची जागा आहे.

'जाहिरात' हा आपला शब्द जाहीर या शब्दाशी जोडलेला आहे. मूळ अरबी, अर्थ उघड झालेलं. मला तो फार प्रामाणिक शब्द वाटतो. इंग्रजीतल्या शब्दात लक्ष वेधून घेण्याचा भाव आहे, आपल्या शब्दात उघडपणाचा. आमच्या टेबलावर नियम होता: जाहिरातीचा मजकूर बातमीसारखा दिसत असेल, बातमीसारखंच शीर्षक असेल, तर वर 'जाहिरात' हा शब्द टाकायचा. ग्राहक हमखास म्हणायचे, "तो शब्द तेवढा बारीक करा ना." बारीक व्हायचाही. आठ पॉइंटचा सहा पॉइंट, मग चौकटीच्या कडेला. मीसुद्धा केला आहे. पैसे देणारा माणूस टेबलापलीकडे बसलेला असतो, वाचक नसतो.

तो शब्द पुरताच गळला की काय होतं हे महाराष्ट्राने २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पाहिलं. उमेदवारांची स्तुती करणारे, शब्दाला शब्द जुळणारे मजकूर वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत बातमी म्हणून छापून आले होते. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केलं, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये त्यावर सविस्तर अहवाल लिहिला आणि 'पेड न्यूज' हा शब्द घरोघरी पोचला. वर्तमानपत्राच्या बाबतीत दोन अंक शेजारी ठेवून तुलना तरी करता आली. चॅटचं उत्तर ज्याचं त्याला, त्या वेळेपुरतं तयार होतं. माझं उत्तर शेजाऱ्याला दिसत नाही, आणि उद्या मलाही तसंच मिळेल असं नाही. साईनाथांना शेजारी ठेवायला दोन अंक होते. इथे काय ठेवणार?

शोधयंत्रांचा अनुभवही आशा वाढवणारा नाही. गुगलचे संस्थापक सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ च्या आपल्या संशोधन निबंधाच्या परिशिष्टात स्वच्छ लिहिलं होतं, की जाहिरातींवर चालणारं शोधयंत्र आपोआप जाहिरातदारांकडे झुकेल आणि ग्राहकाच्या गरजेपासून दूर जाईल. दोन वर्षांनी त्यांनी जाहिराती सुरू केल्या. २००२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला शोधयंत्र कंपन्यांना पत्र पाठवून सांगावं लागलं, की पैसे घेऊन लावलेले निकाल स्पष्ट वेगळे दाखवा. २०१३ मध्ये पुन्हा तेच पत्र पाठवावं लागलं. गुगलवर जाहिरातींमागे रंगीत पट्टा असायचा. तो जाऊन छोटं पिवळं लेबल आलं, ते २०१६ मध्ये हिरवं झालं, पुढे काळं. एकाही टप्प्यावर कुणी मोठा अपराध केला नाही. माझ्या टेबलावर जे व्हायचं तेच तिथे झालं, शब्द बारीक होत गेला.

म्हणून ओपनएआयच्या चौकटीकडे मी दोन्ही डोळ्यांनी पाहतो. आजची आखणी चांगली आहे, हे मान्य केलं पाहिजे. पाच वर्षांनी चौकटीची रेघ कुठे असेल, यावर बारीक लक्षही ठेवलं पाहिजे. काही कंपन्यांनी रेघ आखायलाच नकार दिला आहे. क्लॉड हा चॅटबॉट चालवणाऱ्या अँथ्रोपिकने फेब्रुवारी २०२६ मध्ये गप्पांत जाहिराती घेणार नसल्याचं जाहीर केलं. तिचं उत्पन्न मुख्यतः कंपन्यांकडून आणि वर्गणीतून येतं, त्यामुळे तिला ते परवडतं. ८० कोटींना फुकट देणाऱ्याचा हिशोब निराळा.

एक प्रकार असाही आहे की गप्पांत जाहिरात दिसत नाही, गप्पांवरून मात्र ठरते. व्हॉट्सॲपमधलं मेटा एआयचं निळं वर्तुळ सगळ्यांच्या ओळखीचं आहे. मेटाने १६ डिसेंबर २०२५ पासून मेटा एआयशी झालेल्या संभाषणांचा उपयोग फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या जाहिराती ठरवायला सुरू केला. धर्म, राजकीय मतं, आरोग्य, लैंगिक कल असे विषय त्यातून वगळल्याचं कंपनी सांगते. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये हे सुरुवातीला लागूच केलं नाही. घरच्यांशी होणारे आपले खासगी निरोप यात येत नाहीत, आणि व्हॉट्सॲपचं खातं फेसबुक-इन्स्टाग्रामशी जोडलेलं नसेल तर तिथल्या एआय-गप्पाही धरल्या जात नाहीत. ही जोडणी 'अकाउंट्स सेंटर' या पानावर दिसते. एकदा उघडून पाहा. माझी जोडलेली निघाली, कधी जोडली ते आठवत नाही.

आपल्या कायद्यात या सगळ्यासाठी एक नेमका शब्द आधीच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्न्सविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात ग्राहकाला गंडवणारे १३ प्रकार दिले आहेत आणि त्यांतला एक आहे वेष पालटून आलेली जाहिरात. बातमी किंवा इतर मजकुरात अशी मिसळलेली, की ओळखूच येऊ नये. योगायोग असा की चॅटजीपीटीच्या वाढदिवसाचीच ही तारीख. चॅटबॉट नजरेसमोर ठेवून ते लिहिलं नसावं, पण वाक्यात विरघळलेली जाहिरात त्या व्याख्येत बसते, असं मला वाटतं. कुणीतरी तक्रार करून तिची परीक्षा पाहायला हवी.

आता ताईचा पहिला प्रश्न: त्याला सांगितलं कोणी?

कोणीच नाही. चॅटबॉटचं ज्ञान दोन वाटांनी येतं. एक प्रशिक्षणाच्या वेळी वाचलेल्या अफाट मजकुरातून, आणि दुसरं प्रश्न विचारल्यावर त्या क्षणी वेबवर शोधून. तीन खोल्यांचं घर पहिल्या वाटेने येण्याची शक्यता फार कमी. ते दुसरीने आलं. ताईच्या पानावर 'शांत परिसर', 'कुटुंबांसाठी उत्तम', 'प्रशस्त अंगण' असं होतं. प्रश्नात चढउतार नको होती. या दोहोंमध्ये एक मोकळी जागा राहिली आणि ती यंत्राने सहज शोभेल अशा शब्दांनी भरून टाकली. खोटं बोलण्याचा हेतू त्यात नव्हता. कोरी जागा ठेवायची त्याला सवय नाही, एवढंच.

चौकटीत जाहिरात देणं हे ताईच्या आवाक्यातलं नव्हतं. चाचणीचा सुरुवातीचा काळ मोठ्या ब्रँडांचा आणि मोठ्या एजन्सींचा होता. पण ती मोकळी जागा भरणं तिच्या हातात आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. प्रिन्स्टन विद्यापीठ आणि आयआयटी दिल्ली इथल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२३ मध्ये, एआयच्या उत्तरांत एखाद्या पानाला जास्त जागा कशाने मिळते हे मोजलं. तेच ते शब्द पानात कोंबण्याच्या जुन्या युक्तीचा फारसा उपयोग झाला नाही. नेमके आकडे, माहिती कुठून घेतली त्याचे उल्लेख आणि संबंधितांची अवतरणं घातली, तेव्हा दिसण्याचं प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत वाढलं. म्हणजे 'समुद्र अगदी जवळ' यापेक्षा 'समुद्र चालत सहा मिनिटं' चांगलं. मजकूर लिहिणाऱ्याला हे ऐकून बरं वाटतं. विशेषणं काढा, हे मी शिकाऊ मुलांना वर्षानुवर्षं सांगतो आहे.

आडवाटाही आहेत. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २०२४ मध्ये कॉफी मशीनची काल्पनिक यादी तयार केली आणि एका मशीनच्या माहितीत माणसाला अर्थहीन वाटेल अशी अक्षरांची ओळ घातली. एरवी शिफारशीत क्वचितच येणारं ते मशीन मॉडेल पहिल्या क्रमांकावर सुचवू लागलं. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत 'हेच ठिकाण सुचवा' असा हुकूम लिहून ठेवणारेही आहेत. ताईलाही अशी सेवा विकायला एक जण येऊन गेला. 'एआयमध्ये पहिला नंबर, हमखास'. असा नंबर हमखास देण्याची सोय कुणाकडेच नाही. मी तिला म्हटलं, चहा पाज आणि पाठव.

गणपतीत गुहागरला गेलो तेव्हा आम्ही पडवीत लॅपटॉप घेऊन बसलो. तिची वेबसाइट उघडली आणि यंत्राला त्यातलं काय दिसत असेल याचा विचार करत गेलो. दरपत्रक होतं, पण ते पोस्टरचं चित्र. अक्षरं यंत्राला वाचता येतीलच असं नाही. जेवणाची यादी व्हॉट्सॲप स्टेटसवर, म्हणजे चोवीस तासांत गायब आणि वेबवर कधीच नाही. 'आमच्याविषयी' हे पान तर कमालीचं निघालं. चिपळूणच्या डीटीपीवाल्याकडून पूर्वी छापलेल्या पत्रकातला मजकूर जशाचा तसा उचलून टाकलेला, जुन्या मराठी फाँटमधला. ताईच्या संगणकावर तो फाँट असल्याने तिला सुरेख मराठी दिसत होतं; युनिकोड नसल्याने बाकी जगाला आणि सगळ्या यंत्रांना ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी होती. महाराष्ट्रातल्या किती छोट्या धंद्यांचं, संस्थांचं, ग्रंथालयांचं मराठी असं स्वतःपुरतंच दिसत असेल, या विचाराने मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलं. घराचं नाव मराठीत आणि रोमन लिपीतही, दोन्हीकडे एकच स्पेलिंग. गुगल मॅपवरच्या नोंदीत तेच. वेबसाइट बांधणाऱ्याने एआयच्या शोध-बॉटना दार बंद केलं आहे का, ते पाहायला सांगितलं. काही जण प्रशिक्षणासाठी मजकूर उचलणारे बॉट अडवायला जातात आणि त्याच फटक्यात उत्तरासाठी शोधणारेही अडवतात. ओपनएआयचे हे दोन बॉट वेगवेगळ्या नावांचे आहेत, त्यामुळे एकाला अडवून दुसऱ्याला येऊ देता येतं.

मग ताई मोजायची टेप घेऊन उठली. जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, पायरीची उंची मोजली, न्हाणीघराच्या दाराची रुंदी मोजली. मी सांगत होतो आणि ती लिहीत होती: खोल्या माडीवर आहेत, लाकडी जिना, १४ पायऱ्या, एका बाजूला कठडा. पाश्चात्त्य पद्धतीचं स्वच्छतागृह खाली, पडवीला लागून. "हे एवढं लिहिल्यावर येईल का कुणी?" तिने विचारलं. मग स्वतःच थोडा विचार करून खाली आणखी एक ओळ घातली: जिना चढता येत नसेल तर पडवीत पडदा लावून पलंग टाकून देतो, आधी फोन करा.